माय थांबली काऊन नाई

हिंगणी,
३ ऑक्टोबर, दुपार

प्रिय योगेंद्र,

आधी 'प्रिय रेंजर' असं लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. त्या नावानं हाक मारली की तू दचकतोस, हे मी तू आलास त्या रविवारी पाहिलं. तेव्हा अनुसयाबाईंनी आणि बंडूजींनी ज्या नावानं तुला वाढवलं त्याच नावानं लिहिते. मनात मी तुला काय म्हणते ते माझं मला राहू दे. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन झोपली आहेत, सेविकाबाई मीटिंगला सेलूला गेल्या आहेत, आणि मदतनीस म्हणून माझ्या वाट्याची भांडी तशीच ठेवून मी लिहायला बसले आहे. दहावीला दोनदा बसून दोन्हीदा उठलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे. लागलं नाही तर बायको आहे म्हणून मयुरीकडून वाचून घेऊ नकोस, दोनदा वाच, पण स्वतः वाच.

तू गेलास त्याला चाळीस दिवस झाले. फोनची घंटी वाजते, तू उचलत नाहीस. रक्षाताईंना विचारलं तर त्या म्हणतात, थांबा, जबरदस्ती करू नका. त्यांचं बरोबर असेल. आपल्या पारध्यांच्या उचलून नेलेल्या पोरांना जुन्या रजिस्टरांतून शोधायचं आणि घरच्यांशी गाठ घालून द्यायची, हे काम त्या बारा वर्षं करतायत. पडलेली गाठ पुन्हा सुटलेलीही त्यांनी पाहिली आहे. पण थांबणं त्यांना जमतं, माय त्यांच्या घरात राहत नाही. ती माझ्या घरात राहते. तू गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून बसते. सकाळी अर्धा कप चहा, संध्याकाळी चतकोर भाकर, तीही मी रागावले तर. डॉक्टर म्हणाला, बाईला काही झालेलं नाही. काल दसऱ्याला आपल्या बेड्यातली, वस्तीतली पोरं सोनं द्यायला आली, तिनं हात पुढे केला नाही. सत्तरीच्या बाईनं असे किती दिवस काढायचे? तू जाताना तिला एक प्रश्न विचारलास आणि ती त्यात अडकून बसली आहे. तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे. तू पुन्हा तिच्याकडे यावंस म्हणून ते मी देते आहे.

त्या रविवारी आमचं काय काय चुकलं ते मला ठाऊक आहे. अख्खा बेडा तुझ्या गाडीमागे धावला, ते चुकलं. म्हाताऱ्यांनी तुला मधे उभं करून नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावर भांडण काढलं, तेही चुकलं. तुला बसायला अंगणवाडीतली खुर्ची आणली ती मी, आणि ती तीन वर्षांच्या पोरांची निघाली. अल्लीपूरचा दुकानदार, पांढराशुभ्र शर्ट, आणि गुडघे हनुवटीला लागलेले! तुझी लेक खुशी इतकी हसली की माझा अर्धा ताण गेला. मायनं रोडगे केले होते. सकाळपासून गोवऱ्यांच्या आरापाशी बसली होती आणि घाईघाईत वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ टाकून बसली. तू निमूट खाल्लंस. मयुरी बिचारी घासागणिक पाणी पीत होती. मला तुम्ही दोघं तेव्हाच आवडलात.

पण मायला तुझ्याशी बोलताच येईना. तिच्या तोंडात आपली पारधी बोली येत होती आणि तुझ्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. दोनतीनदा असं झाल्यावर तिनं मराठीत सुरुवात केली. रस्ता कसा होता, ऊन लागलं का, पोरगी कितवीत आहे. बाजारात झाडायचे फडे विकताना गिऱ्हाइकाशी बोलते ना, तशी ती पोटच्या पोराशी बोलत होती. मला ते बघवलं नाही, मी ताटं उचलायच्या निमित्तानं मागे गेले. परत आले तेव्हा तू उठला होतास. चप्पल घालता घालता तू विचारलंस, आवाज न चढवता. "तू त्या दिवशी माह्या जवळून गेलती. तुह्या लुगड्याचा काठ माह्या पाठीले लागला. मंग थांबली काऊन नाई?"

माय नुसती तुझ्याकडे बघत राहिली. तू वाट पाहिलीस. रक्षाताईंनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तो तू बाजूला केलास आणि गाडीत जाऊन बसलास. तुला वाटलं असणार, म्हातारी बोलत नाही म्हणजे तिनं ओळखलं होतं आणि सोडून गेली. पाच वर्षांचा असल्यापासून तू हेच मनात धरून बसला आहेस, हे मला त्या एका वाक्यात कळलं. अरे, तू त्या दिवशी बालगृहाच्या पंगतीत होतास हेच तिला तोवर माहीत नव्हतं. एकतीस वर्षं ती समजत होती की त्या बालगृहात तू कधी नव्हतासच. तुझ्या तोंडून तिला पहिल्यांदा कळलं की ती तुझ्या वीतभर अंतरावरून चालत गेली होती.

आता मुळापासून सांगते. तेव्हा आपला बेडा इथंच, पण गावाच्या आणखी बाहेर, बोरच्या जंगलाला लागून होता. झोपड्या कसल्या, पालं होती. तुझ्या जन्माच्या दिवशी जंगलखात्याचा रेंजर ती पालं उठवायला आला होता, म्हणून तुझं नाव रेंजर. हसू नकोस, आपल्यात अशीच नावं ठेवायचे, आणि तुझं नाव त्यातल्या त्यात रुबाबाचं होतं. कुठल्याही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी आपल्या बेड्यावर यायची. चोर कोण हे नंतर बघायचं, आधी पारधी उचलायचे. गाडीचा आवाज आला की बा जंगलात पळायचा. अशा वेळी एखादं पोर 'बा' म्हणून ओरडलं, तर कोणतं पाल कुणाचं आणि कोण कुणाचा बाप हे शिपायाला आयतं कळायचं. म्हणून आपल्या पोरांना एक गोष्ट पक्की शिकवलेली असायची. खाकी दिसली की आपल्याला कुणी नाही. माय नाही, बा नाही, नाव नाही. विचारलं तरी मान खाली, मारलं तरी मान खाली. समोर सख्खी माय आली आणि तिच्याबरोबर खाकी असली, तरीही मान खाली.

हे शिकवायचं काम घरातल्या मोठ्या बहिणीचं. तुला मी शिकवलं. मी नऊ वर्षांची होते, तू पाचचा. तू फार अवघड विद्यार्थी होतास, कारण तुझी टकळी कधी थांबायचीच नाही. कोंबड्यांशी बोलायचास, बाच्या पाखरं धरायच्या फाशांशी बोलायचास, झोपेतसुद्धा तुझं चालूच. मी डोक्याला खाकी फडकं बांधून शिपाई व्हायची आणि दरडावून विचारायची, "नाव काय रे तुह्यं? बाप कुठं गेला?" पहिल्याच दिवशी तू छाती काढून सांगितलंस, "रेंजर तानबा पवार! अन् बा तं थ्या सागाच्या मांगं लपून राह्यला!" सगळा बेडा पोट धरून हसला आणि बानं मलाच धपाटा घातला. मग मी हट्टाला पेटले. उन्हाळाभर एकेक पिकलं टेंभर दाखवून तुला गप्प राहायला शिकवलं. गप्प राहिलास की टेंभर, बोललास की काही नाही. शेवटी तू असा तयार झालास की काखेत गुदगुल्या केल्या तरी हूं की चूं करायचा नाहीस. केवढा अभिमान वाटायचा मला! आज अंगणवाडीत मी पोरांना सगळ्यात आधी स्वतःचं नाव, मायचं नाव आणि गावाचं नाव मोठ्यानं ओरडून सांगायला लावते. सेविकाबाई म्हणतात, "शोभाबाई, जरा हयू, कानाचे पडदे फाटून राह्यले माह्ये." मी काही त्यांना कारण सांगितलेलं नाही.

आणखी एक सांगायचं म्हणजे तुझे केस. तुझ्याआधी मायची दोन पोरं दगावली होती. तू जगावास म्हणून तिनं देवीला तुझे केस बोलले होते. पुढच्या चैत्रात देवीला नेऊन काढायचे होते, तोवर कात्री लावायची नव्हती. कमरेच्या खाली गेले होते. माय तेल लावून वेणी घालायची, शेवटी लाल दोरा बांधायची. परकी माणसं तुला पोरगीच समजायची आणि तू त्यांना शिव्या द्यायचास. बाजारात तू हरवलास तरी मायला घोर नसायचा. शंभर पोरांत लाल दोऱ्याची वेणी शोधली की झालं. तिच्या डोळ्याला तुला शोधायची तेवढी एकच सवय लागली होती.

गाडी आली ती जानेवारीत, आंजीच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. मी रुख्माबाई मावशीबरोबर बाजारात फडे विकत होते, त्यामुळे जे कळलं ते ऐकून. बा सापडला. मायनं त्याला सोडवायला मधे अंग घातलं, तर काठी तिच्या डाव्या डोळ्यावर बसली. दोघांनाही गाडीत घातलं. तू पालापुढे चुलीच्या राखेत बसला होतास, मान खाली घालून. एका शिपायानं तुला विचारलं, नाव काय, कुणाचा, ही तुझी माय का. तू काही बोलला नाहीस. त्यानं तुलाही उचललं. मावशी म्हणायची, त्यानं दया येऊनच उचललं असेल, एकटं लेकरू कसं सोडायचं. असेलही. आम्ही संध्याकाळी परत आलो तेव्हा पालं पडलेली होती आणि कोंबड्या एकट्याच फिरत होत्या.

रक्षाताईंनी यंदा मला बालगृहाच्या रजिस्टरातल्या तुझ्या पानाची नक्कल दाखवली. मला ती पाठ झाली आहे. 'मुलगा, वय अंदाजे पाच. नाव सांगत नाही. पालकांविषयी सांगत नाही. मुका असण्याची शक्यता.' त्याखाली वेगळ्या शाईनं तुझं नवं नाव, योगेंद्र. मुका! तू! नक्कल हातात धरून मी त्यांच्या ऑफिसात आधी हसले आणि मग मला हुंदका आवरेना. नाव सांगितलं असतंस तर आजोबा आले असते, मावशी आली असती, कुणीतरी तुला नेलं असतं. किती दिवस तू दम धरलास, योगेंद्र? पाच वर्षांच्या पोरानं टेंभरं नसताना इतके दिवस दम धरला. मी शिकवलेलं इतकं चांगलं कुणीच कधी पाळलं नाही.

मायला वीस दिवसांनी सोडलं, बाला दोन वर्षांनी. सुटल्या सुटल्या माय तुझा माग काढायला लागली. कुणी म्हणालं, पोरगा शहरातल्या बालगृहात टाकला. ती मला घेऊन तिथं गेली, आणि पारधीण एकटी कशी आत सोडायची म्हणून तिच्याबरोबर एक शिपाई दिला. तो पुढे, माय मधे, मी तिचा पदर धरून मागे. जेवणाची वेळ होती. व्हरांड्यात पोरांची पंगत बसली होती, तीसेक पोरं, सगळ्यांना निळी चड्डी, पांढरा सदरा. आणि उवा झाल्या म्हणून सगळ्यांची डोकी तासलेली. माय दारातच थबकली. तिला वेणी शोधायची होती आणि तिथं एका डोक्यावर केस नव्हता. डावा डोळा अजून उघडत नव्हता. शिपाई म्हणाला, "चल लवकर, एक चक्कर मार अन् पाह्य." ती पंगतीच्या मागून चालत गेली. तिला दिसल्या त्या नुसत्या पाठी आणि खाली झुकलेल्या टकल्या. एकदा तिनं तुझ्या नावानं हाक मारली, तर शिपाई खेकसला. कुणी पोर उठलं नाही.

मग तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "पोलिसांकडून आलेला एक मुलगा आहे. पण तो मुका आहे. तुमचा मुका आहे का?" आणि माय म्हणाली, "नाई जी बाई, माह्या पोऱ्या तं दिवसभर बोलते. झोपीतबी बोलते." बाईंनी रजिस्टर मिटलं. माय हात जोडून बाहेर पडली आणि रस्त्यात म्हणाली, इथं नाही, दुसरीकडे बघू. त्यानंतर ती कुठं कुठं गेली ते सांगत बसत नाही. बा सुटून आला तो खोकत आला आणि चार वर्षांत गेला. पण मायनं तू मेलास असं एकदाही तोंडातून काढलं नाही, दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. फडे घेऊन ती जिल्ह्यातला एकूण एक बाजार फिरली. अल्लीपूरलाही दोनदा येऊन गेली आहे. तू तेव्हा शाळेत असशील, नाहीतर बंडूजींच्या गल्ल्यामागे बसून गोळ्या खात असशील. तीस कोसांच्या आत तुम्ही दोघं होता.

बंडूजींनी जाण्याआधी तुला खरं सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. अनुसयाबाईंना माझा नमस्कार सांग. त्या मनातून भ्यायल्या असतील, आता पोरगा तिकडचा होतो की काय म्हणून. त्यांना म्हणावं, आमच्यापैकी कुणी वाटणी मागायला येणार नाही. माय तर त्यांच्यासाठी लुगडं घेऊन ठेवायचं म्हणत होती, तुझ्या प्रश्नाच्या आधी. माझ्या लेकराला न्हाऊ घातलं, खाऊ घातलं त्या बाईचे पाय धरायचे आहेत, असं ती त्या सकाळी आर फुंकता फुंकता म्हणाली. तिला रागाचं बोट दाखवायला कुणी सापडत नाही, म्हणून आता ती स्वतःकडे दाखवते. भिंतीकडे बघून आपल्या बोलीत एकच वाक्य म्हणत राहते. तुला ते समजणार नाही, मी मराठीत लिहिते. मी माय असून मला माझं पोर पाठीवरून ओळखता आलं नाही.

आंजीला समाजमंदिरात रक्षाताईंची महिन्याची बैठक असते. माझ्यासारख्या, मायसारख्या बायका येतात, आणि नेलेल्यांपैकी परत आलेले दोघंतिघं. कुणी बोलतं, कुणी नुसतं बसतं. आनंदाबाई म्हणून एक आहेत, त्यांची मुलगी बावीस वर्षांनी भेटली. पहिलं वर्षभर दोघींना एकमेकींशी काय बोलावं कळायचं नाही. मग मुलगी आली की आनंदाबाई मेथीची जुडी पुढे टाकतात आणि दोघी निवडत बसतात. रक्षाताई म्हणतात, गळ्यात पडून रडायची घाई करू नका, हाताला काम द्या. मी ते ध्यानात ठेवलं आहे. घरात भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आहे. तू आलास की तुझ्या आणि मायच्या मधे ओतून देईन, फोडत बसा. बोली येत नसली तरी शेंगा फोडायला काही लागत नाही. आणि खुर्ची मोठी आणली आहे, पंचायतीतून मागून.

आता जे लिहायला चार कागद फाडले, ते लिहिते. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, माझा तर डोळा सुजला होता, पण तू माझ्याबरोबर होतीस, तुला दिसला होता का गं तो? मी नाही म्हणाले. योगेंद्र, तू मला दिसला होतास. लुगड्याचा काठ पाठीला लागला तेव्हा तू मान वळवलीस. माय तोवर पुढे गेली होती. मागे मी होते, आणि माझा चेहरा तुझ्या चेहऱ्यासमोर आला. केस नव्हते, तरी तूच होतास. तू माझ्याकडे पाहिलंस, शिपायाकडे पाहिलंस, आणि मी शिकवलं होतं तशी मान खाली घातलीस. मी मायला ओढणारच होते. तेवढ्यात त्या बाई शिपायाला म्हणाल्या, "या मुलीलाही ठेवून घ्यायचं का?" आणि मी मायचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. 'मुका आहे का' विचारलं तेव्हा मी बोलले नाही. रस्त्यात बोलले नाही. रक्षाताईंच्या कागदावरून कळलं की त्यानंतर चार महिने, बंडूजींनी तुला दत्तक नेईपर्यंत, तू तिथंच होतास. ते चार महिने रोज मी उद्या सांगू म्हणत होते. नऊ वर्षांचं पोर होतं, घाबरलं, असं रक्षाताई म्हणतील. पण मी वीस वर्षांची झाले, चाळीस वर्षांची झाले, तेव्हा घाबरायला तिथं कुणी नव्हतं. तुझी वाट बघत बाजार फिरणाऱ्या बाईच्या डोक्यावर मी सकाळी फड्यांचा भारा चढवून द्यायची आणि गप्प राहायची. माय थांबली नाही, कारण मी तिला थांबवलं नाही. बारा तारखेच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तिला हे तोंडावर सांगणार आहे. त्यानंतर ती माझ्या हातचं पाणी घेणार नाही, आणि तिनं घेऊही नये. त्या वेळी तिच्याजवळ तिचं एक तरी लेकरू असायला पाहिजे, आणि ते मी असू शकणार नाही. एवढ्यासाठी हे पत्र. मला माफ करायला येऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. सरळ आत जा आणि तिच्याजवळ बस.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
शोभी